कोकिळेची क्लिप

२२ डिसेंबर, सोमवार

निघाली! आमच्या प्रभागाची चिठ्ठी महिला राखीव निघाली!

गिरधर नानांचा फोन आला तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत होते. नाना आमचे तालुकाध्यक्ष, सोडतीला नगरपालिकेत बसलेच होते. म्हणाले, "अक्का, आता तुमचीच पाळी." तुमचीच! दुसरं आहे कोण? शेंगा तशाच टाकल्या आणि देवाला दिवा लावला.

वीस-बावीस वर्षं झाली. गावात पक्षाचं नाव काढणारी एक बाई नव्हती तेव्हापासून मी दारोदार फिरतेय. पत्रकं नाहीत, भोंगा नाही. करंडा घेऊन जायचं, घरातल्या बाईला कुंकू लावायचं आणि लावता लावता उमेदवाराचं नाव घ्यायचं. बस. लग्नाचं बोलावणं करतात तसं. नाव घेतलं की बोलावणं झालं, आणि बोलावणं झालं की बाया येतात. विधवा असेल तिचा हात हातात घेऊन नाव घ्यायचं. त्या करंड्यावर किती जण नगरसेवक झाले! सगळे पुरुष.

या वेळी कुंकू लावताना स्वतःचंच नाव घ्यायचं. कसंतरीच वाटेल. यांना सांगितलं तर म्हणाले, "आरशासमोर प्रॅक्टिस कर." एसटीतून रिटायर झाल्यापासून यांना चेष्टेशिवाय काम नाही.

(केली. आरशासमोर. "हेमलता अमृत पाटील." छान वाटतं ऐकायला.)

४ जानेवारी, रविवार

महादेवाच्या मंदिरात महाप्रसाद. आधी माझं भाषण— संस्कार, कुटुंब, आपली रीत. मनापासून बोलले. लोक वरणाच्या बादल्या कुठवर आल्या ते बघत होते.

मग आभाराला कोकिळा उभी राहिली. नवऱ्याच्या, कुंदनच्या कृषी केंद्रावर बसते ती. तिला पक्षात मीच आणलं, पहिल्या बैठकीला बोट धरून मीच नेलं, अजून तीन वर्षं नाही झाली. आभार मानायचे होते. नुसते आभार! आणि ही म्हणते— "ज्या पोरींना अंगभर कपडे घालून देवळात येता येत नाही, त्यांना पहिल्या पायरीवरूनच परत पाठवा!"

काय टाळ्या! वरणवाला बादली खाली ठेवून टाळ्या वाजवत होता.

आवाज चांगला आहे मेलीचा. साडीही चापूनचोपून. मी काय तिच्यापेक्षा वेगळं बोलले होते? तेच बोलले होते, फक्त कुणाच्या अंगावर धावून न जाता.

६ जानेवारी, मंगळवार

धुळ्याहून वन्संचा फोन. मला वाटलं संक्रांतीचं विचारतील. "वहिनी, तुमच्या गावची ती कोकिळा काय बोलली हो! आमच्या अख्ख्या बिल्डिंगने मोबाइलवर क्लिप बघितली." मी पण त्याच कार्यक्रमात बोलले, म्हटलं. "हो का? तुमचं नाही आलं."

नाही आलं!

८ जानेवारी, गुरुवार

विरोधकांच्या बायांचा मोर्चा निघाला. पुढे सुनिता— शिवणक्लास चालवते ती. प्रत्येकीच्या हातात ओढणी. कृषी केंद्रासमोर जाऊन सगळ्या ओढण्या फेकल्या, "घे, आम्हाला शिकवते का!" खतांच्या गोण्यांवर रंगीबेरंगी ढीग. जळगावहून टीव्हीवाले आलेले.

मला वाटलं कोकिळा शटर ओढून मागच्या दाराने जाईल. तर ही बाहेर आली, एकेक ओढणी उचलली, घडी घालून काउंटरवर ठेवली. कॅमेऱ्यापुढे म्हणाली, "गरजू पोरींना वाटून टाकीन. शब्द मागे घेणार नाही."

हे कुणी शिकवलं तिला? मला सुचलं असतं का? नसतं. मी रडले असते नाहीतर भांडले असते. म्हणूनच तर अंगाची लाही झाली.

११ जानेवारी, रविवार

सुकलाल आला होता. पिढीजात आपला माणूस, पक्षाचा झेंडा घरावर लावणारा. त्याची पोर पोलीस भरतीची तयारी करते, रोज ट्रॅकपँटवर धावते. आज मंदिरातल्या माणसाने तिला अडवलं.

दारातच उभा राहिला, बसला नाही. "अक्का, मन्ही पोर रोज सकाय ग्राउंडवर पयस. जाता जाता देवले हात जोडस. तिले पायरीवरून हाकली दिन्ही. आम्ही काय परका शेतस का?"

मी त्याला पाणी दिलं, समजावलं, पुजाऱ्याकडे स्वतः जाऊन आले. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. आणि— इथे लिहायला कुणाची भीती— बरंही वाटलं. आता नानांना दाखवता येईल, काय होतं ते!

१३ जानेवारी, मंगळवार

नानांच्या ओट्यावर तासभर डोकं फोडलं.

मी म्हटलं, नाना, या असल्या वादांनी आपलंच नुकसान आहे. आपला विचार जपण्याचा. घर जपणारी बाई रस्त्यावर येऊन आरडाओरडा करत नाही. सुकलालसारखी माणसं दुखावली तर राहिलं काय?

नाना सुपारी कातरत होते. म्हणाले, "सुकलाल रागावेल आणि आपल्यालाच मत देईल. तो कुठे जातो? पण अक्का, दहा वर्षांत आपल्या बैठकीला तरुण पोरगं बघितलं का? परवा जागा पुरली नाही बसायला. तुमच्या करंड्याने मत मिळतं. वादाने माणूस मिळतो."

"आलेला माणूस टिकतो का?" मी विचारलं.

"वाद चालू ठेवला तर टिकतो," म्हणाले आणि हसले.

याचं उत्तर घरी आल्यावर सुचलं. वाद चालू ठेवायचा म्हणजे रोज कुणालातरी पायरीवरून हाकलायचं. आज सुकलालची पोर, उद्या आपल्यातलीच कुणी. फोन करून सांगणार होते. यांनी फोन काढून घेतला.

१६ जानेवारी, शुक्रवार

दूधवाला: "अक्का, कोकिळाताई तुमच्याच पार्टीच्या ना?" आजपासून अर्धा लिटर कमी घेणार.

१८ जानेवारी, रविवार

माझं हळदीकुंकू. दरवर्षी गर्दी असते, यंदाही होती. आणि मी ठरवलं होतं— बोलायचं! असं बोलायचं की उद्या माझ्या दारावर मोर्चा आला पाहिजे. चार दिवस विचार करून वाक्य तयार केलं. सुनबाईला सांगितलं, मोबाइल धर.

उभी राहिले आणि ठणकावून म्हटलं, "ज्या घरात संध्याकाळी देवापुढे दिवा लागत नाही, त्या घरचं पाणीसुद्धा मी पिणार नाही!"

सगळ्या माना डोलवायला लागल्या. "खरं शे अक्का. एकदम खरं शे." मागून एक म्हणाली, "औंदा वाण काय शे, अक्का?"

कुणाला काही लागलंच नाही! सुनिताही आली होती, मोर्चावाली. दरवर्षी येते. तिळगूळ खाऊन म्हणाली, "किती छान बोललात काकू." छान! ओढणी नको, निदान कपाळाला आठी तरी घालायचीस!

क्लिप टाकली. यांनी अंगठा दाखवला, वन्संनी दोन हात जोडले. तिसरं कुणी नाही. वाद घालायलासुद्धा नशीब लागतं वाटतं.

२४ जानेवारी, शनिवार

नानांच्या मळ्यात भरीत पार्टी. निवडणुकीतले सगळे निर्णय आमच्याकडे वांगी भाजतानाच होतात. कपाशीच्या काड्यांचा जाळ, पुरुष निंबाखाली सतरंजीवर, बाया इकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या लाटतात. भरीत ठेचायचं काम माझं. दुसऱ्या कुणाला देत नाहीत, माझ्या हाताला चव आहे म्हणतात.

मी लाकडी भांड्यात मिरच्या ठेचत होते. तिकडून नानांचा आवाज आला. "एकमताने ठरलं. आपल्या प्रभागातून कोकिळाताई."

टाळ्या. शिट्ट्या. नवी पोरं उभी राहून नाचायला लागली.

मी मुसळ सोडलं नाही. वांगी घातली, ठेचत राहिले. डोळे भरून आले, पण दोन्ही हात मिरचीचे, पुसणार कसे? सगळ्यांना वाटलं धूर लागला. कोकिळा धावत आली, माझ्या पायाला हात लावला आणि स्वतःच्या पदराने माझे डोळे पुसले. स्वतःच्या पदराने! ते मला तिकिटापेक्षा जास्त लागलं.

नाना मागून आले. "अक्का, समजून घ्या. हवा आहे तिची. तुम्ही आहातच."

मी आहेच. भरीत ठेचायला आहे.

२५ जानेवारी, रविवार

भरीत पुरलं नाही म्हणे. फार छान झालं होतं, सगळे म्हणतात.

२८ जानेवारी, बुधवार

कोकिळेने अर्ज भरला. ढोल, गुलाल, उघडी जीप. समोरून सुनिताचा अर्ज. जीपमध्ये कोकिळेने मला शेजारी उभं केलं. लोक तिच्याकडे बघून हात हलवत होते आणि मीही हात हलवत होते. कुणाला हलवत होते कोण जाणे!

हे म्हणाले, "तोंड तेवढं बरं करून जा. फोटोत येतं." आलंच आहे. एरंडेल प्यायल्यासारखं.

१ फेब्रुवारी, रविवार

कोकिळेची सासू गेली. सकाळी चहा घेतला आणि बसल्या जागी गेली. म्हातारी चांगली होती. माझ्याशी नेहमी गोड बोलायची.

आता सुतक. गंधमुक्ती होऊन ते फिटणार बारा तारखेला, मतदान दहाला. रीतीने घरातल्या सुनेला तोवर दारावरच बसायचं, कुणाच्या घरी जायचं नाही. आणि प्रचार? देवाने काय योग आणलाय! रीत शिकवते ना सगळ्या गावाला? आता बघू, कोकिळाबाई किती दिवसांनी बाहेर पडतात. तिसऱ्या दिवशी पडेल. लावते पैज.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पैज हरले.

कोकिळेकडे दारावर, सांत्वनाला गेले होते. बाया पदर तोंडावर घेऊन बसलेल्या, कोकिळा मध्ये. डोळे सुजलेले, अंगावर विटकी साडी. मीही रडले. दारावर गेलं की रडू येतंच, त्याला मनाची परवानगी लागत नाही.

थोड्या वेळाने नाना आले, तिला आतल्या खोलीत बोलावलं, मलाही. म्हणाले, "ताई, दिवस आखडून घ्या. हल्ली सगळे पाचव्या दिवशी उरकतात. हवा तुमची आहे, तुम्ही दिसला नाहीत तर गेली सीट."

कोकिळेने मान वर केली. "नाना, लोकेस्ले रीत मी सांगू आन् मीच मोडू का? मन्ही सासू शे ती. गंधमुक्ती होस तोपर्यंत मी उंबरा वलांडस नही. सीट गई तर जावू द्या."

नानांचं तोंड बघण्यासारखं झालं. माझंही झालं असेल.

मग ती माझ्याकडे वळली, दोन्ही हात धरले. "अक्का, आते तुम्हीच. तुम्हना करंडा."

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात. ती खरंच मानते! कॅमेऱ्यासाठी नाही, तिकिटासाठी नाही. ती जे बोलते ते मानते. ढोंगी निघाली असती तर मी तिला माफ केलं असतं. दोन दिवस टोमणे मारले असते आणि जोमाने कामाला लागले असते. पण हे कसं सोसायचं? माझ्याकडे एकच गोष्ट होती तिच्यापेक्षा जास्त. मी खरी आणि ती देखाव्याची. आता तीही नाही राहिली.

पारावरची नवी पोरं दिसत नाहीत. ताई नाहीत, लाइव्ह नाही, मग यायचं कशाला? नानांचा फोन: "अक्का, आता सगळं तुमच्यावर."

हो. आता सगळं माझ्यावर.

५ फेब्रुवारी, गुरुवार

करंडा घासला. कुंभारवाडा पूर्ण. कुंकू, चहा. कुंकू, चहा. पित्त झालं.

क्लिपचा विषय निघतोच. एक म्हणते, "ती बोलनी ते काय खोटं शे का?" तिचीच जाऊ तिथल्या तिथे म्हणते, "माझी पोर नर्स आहे, ड्युटीवरून तशीच देवळात जाते. तिने काय घरी येऊन लुगडं नेसून जायचं?" दोघी भांडायला लागल्या. मी चहा पीत बसले. एकाच चुलीवर मतं दोन. वादाने फायदा की तोटा, नानाच येऊन सांगोत.

७ फेब्रुवारी, शनिवार

सुकलालच्या घरी गेले. त्याच्या बायकोला कुंकू लावलं. पोर धावून आली होती, बूट काढत होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सुकलाल म्हणाला, "अक्का, तुम्ही वनात, बठ्ठं वनं. तुम्ही सांगशात तसं." मी आले, त्यातच त्याला सगळं आलं.

पुढे सुंदरबाई. तिला कुंकू नाही, म्हणून नेहमीसारखा हात हातात घेतला. म्हातारी वाट बघत राहिली. "काही सांगनं नही का वं माय?"

म्हटलं, थंडी आहे, पायात मोजे घालत जा.

८ फेब्रुवारी, रविवार

उरलेल्या दोन गल्ल्या. एकही दार सोडलं नाही. पाय सुजलेत. यांनी गरम पाणी आणून दिलं, चेष्टा केली नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मतदान. माझं मत पक्षालाच. आजवर चुकलं नाही, आजही नाही. मतापुरता उंबरा ओलांडून कोकिळा तोंडावर पदर घेऊन आली, कुणाकडे न बघता मत देऊन गेली.

११ फेब्रुवारी, बुधवार

पडली.

बाकीचे प्रभाग आले, आमचा गेला. सुनिता निवडून आली. गुलाल आमच्या दारापर्यंत उडाला. मी दार लावून घेतलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

जळगावला चिंतन बैठक. आमच्या प्रभागावरच सगळ्यात जास्त चर्चा झाली! सगळ्यांचं एकच— त्या क्लिपने घात केला. बायकांनी राग काढला. जिल्ह्याचे मोठे साहेब म्हणाले, "हा धडा आहे. वादाने टाळ्या मिळतात, मतं जातात."

आणि नाना! सगळ्यांसमोर उभे राहिले. "आमच्या हेमलता अक्कांनी हे महिन्याभरापूर्वी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी." टाळ्या! उभं राहून टाळ्या! पहिल्यांदा कुणी बादली बघत नव्हतं.

बावीस तारखेला धुळ्याला कार्यकर्त्यांचं शिबिर आहे. मला बोलायला बोलावलंय. विषय: वादाने आपल्या विचाराचं नुकसान कसं होतं. साहेब म्हणाले, "पुढच्या वेळी अक्का, तुम्हीच." वन्संना फोन केला, पुढच्या रांगेत बसा म्हटलं.

हिरवी इरकल नेसावी का?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कोकिळा आली होती. गंधमुक्ती झाल्यावर पहिलं घर माझं, म्हणाली. हातात पिशवी— त्या मोर्चातल्या ओढण्या. "सुकलालना पोरले देजात. मन्हा हातथून ती लेवाव नही."

मग बसली आणि रडली. दारावर रडली होती तसं नाही, लहान पोरीसारखं. "अक्का, बठ्ठा म्हनतस मन्हा तोंडमुये गई सीट. खरंच शे. देवनं नाव लिसन मी लोकेस्ना मन दुखाडं." फोन बंद करून टाकलाय. पक्षाचं काम नको, दुकान बरं. आता कधीच बोलणार नाही म्हणाली.

जाताना वाकली. "मन्हासाठे तुम्ही एकल्याच दारोदार फिरन्यात. तुम्हना उपकार फिटावत नहीत."

मी तिला कुंकू लावलं. औक्षवंत हो म्हटलं.

तिचा आवाज खरंच चांगला आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

उद्या धुळे. सकाळपासून भाषण लिहायला बसलेय, पहिली ओळ जमत नाही. तिच्या बोलण्याने जागा गेली की नाही, हे आता कुणालाच कळायचं नाही. मलाही नाही. इतक्या दारांत गेले, इतक्या कपाळांना कुंकू लावलं— एकाही दारात मी तिचं नाव घेतलं नाही.